धमनी जुळली, तरी छाती का दुखते?

प्रश्न : माझं वय 46. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. अँजिओग्राफीत चरबीचं ब्लॉकेज नव्हतं, हृदयाची धमनीच आपोआप आतून फाटली होती. स्टेंट न घालता औषधं दिली. आता ईसीजी, टूडी एको नॉर्मल आहेत. तरी बसल्याबसल्या छाती आवळून येते, पाळीच्या आधी जास्तच. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. पुन्हा अँजिओग्राफी करून घेऊ का?

उत्तर : मनाचे खेळ नाहीत, हे घरच्यांना वाचून दाखवा. या आजाराचे बहुतेक रुग्ण म्हणजे तुमच्याच वयाच्या आसपासच्या बायका, आणि धमनी भरून आल्यावरही छाती दुखत राहणं त्यांच्यात सर्रास दिसतं. धमनीच्या भिंतीत साकळलेलं रक्त काही आठवड्यांत-महिन्यांत बहुधा आपोआप जिरतं, म्हणून स्टेंट टाळला ते योग्यच. पण धमनी मधूनमधून आकसते, किंवा अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पुरेशा सैलावत नाहीत. पाळीआधीचं दुखणंही अशा अनेक जणी सांगतात.

दुखणं कधी येतं, किती वेळ टिकतं, पाळीचा कितवा दिवस, हे लिहून ठेवा. मला तपासणीच्या कागदांइतकीच ती वही उपयोगी पडते. आकसण्यावर डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन, कळ आली की जिभेखाली नायट्रेट (बसूनच घ्या, बीपी उतरून चक्कर येते, डोकंही ठणकतं), आणि बारीक वाहिन्यांसाठी कधी रॅनोलाझिन. बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर मनाने बंद करू नका. त्याच्या जोडीला डिल्टियाझेम घेतलं तर नाडी फार मंदावू शकते, म्हणून शेजारणीची गोळी नकोच. बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी दुखत असेल तर बरगडीचा किंवा स्नायूचा संशय घ्यावा.

अँजिओग्राफी केवळ खात्रीसाठी नको. अशा नाजूक धमनीत कॅथेटरनेच, म्हणजे तपासणीसाठी आत सरकवलेल्या बारीक नळीनेच, नवी चीर पडू शकते. गरज वाटलीच तर हृदयापर्यंत नळी न घालता होणाऱ्या सीटी अँजिओग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला. मान आणि मूत्रपिंडाच्या धमन्या तपासल्या आहेत का, हेही विचारा. त्यांतही दोष सापडतो. अर्धशिशी असेल तर ट्रिप्टान गटातल्या गोळ्या टाळा, त्यांनी धमन्या आकसतात.

मात्र दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, विश्रांती आणि नायट्रेटनेही थांबेना, घाम फुटला, धाप लागली, तर वही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जा. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा : ‘माझी हृदयाची धमनी आधी फाटली होती.’ एरवी तुमचं वय आणि कोलेस्टेरॉल पाहून अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतील.