काठ निर्धोक आहे, असे लिहिण्यापूर्वी

परळ, मुंबई

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांकडे तू वळणार असल्याचे वाचून समाधान वाटले. टाके आणि फ्लॅप (शेजारची त्वचा सरकवून जखम झाकणे) तुला येथे कोणीही शिकवील. मला लिहायचे आहे ते काढलेल्या ऊतीच्या काठाविषयी, म्हणजे तेथे कर्करोगाच्या पेशी आहेत की काठ निर्धोक आहे याविषयी, कारण रुग्णाचे पुढचे सारे त्यावर ठरते आणि त्याबाबत दोन अनुभवी सर्जनच काय, एकच सर्जन दोन दिवशी दोन निर्णय देऊ शकतो.

लहान, स्पष्ट कडेच्या बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाभोवती ४ मिलिमीटर त्वचा घ्यावी, हे तुला पाठ असेलच. परंतु ते अंतर जेथून मोजायचे ती कड डोळ्यांनीच ठरवावी लागते आणि भुलेचे इंजेक्शन दिले की त्वचा फुगते, पांढुरकी पडते. म्हणून रेघ त्याआधीच आखावी.

सर्जन फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेल्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीत बाजूंचा आणि तळाचा संपूर्ण काठ तपासता येतो, पण स्लाइड सर्जन स्वतःच वाचतो, त्यामुळे त्याच्या नजरेतील सातत्याला फारच महत्त्व येते. तिरका कापला गेलेला केसाचा कूप बेसल सेलच्या पुंजक्यासारखा दिसतो, दाट दाहपेशींच्या आड कर्करोगाच्या चार पेशी दडतात, आणि फ्रोझन सेक्शनच्या (गोठवून केलेल्या पातळ कापाच्या) कडेला एपिडर्मिसच, म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा थरच, आलेला नसेल तर त्या स्लाइडवरून काठ निर्धोक म्हणण्याचा अधिकारच आपल्याला नाही.

‘स्लाइड वाचण्यात आमचे ८८ टक्के जुळते’ असे कोणी सांगितले, तर लगेच निश्चिंत होऊ नकोस. समज, १०० स्लाइडपैकी ९० निर्धोक आहेत आणि दोघे वाचक स्लाइड न पाहताच दहातल्या नऊ वेळा ‘निर्धोक’ म्हणतात. तरीही त्यांचे ८२ टक्के निव्वळ योगायोगाने जुळेल. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा जुळणीचा आकडा तो योगायोग वजा करतो आणि येथे तो जेमतेम ०.३३ येतो. म्हणून महिन्याभरापूर्वीच्या स्लाइड, नावे झाकून, अवघड जागांच्या मुद्दाम जास्त घेऊन, पुन्हा वाच. तुझे स्वतःशी किती जुळते ते आधी पाहा, मग पॅथॉलॉजिस्टशी. मला हे दुसऱ्या कोणत्याही परीक्षेहून मोलाचे वाटते.

मतभेद उरला, तर बहुतेक जागी आणखी एक पातळ थर घेणे सोपे असते. पापणीजवळ किंवा नाकपुडीच्या कडेला तसे नसते; तेथे जखम ड्रेसिंगखाली ठेवून पॅराफिन सेक्शनची (मेणात बसवून केलेल्या, अधिक वेळ लागणाऱ्या कापाच्या तपासणीची) वाट पाहावी आणि मगच ती बंद करावी. बाहेरगावच्या रुग्णाला त्यासाठी मुंबईत आणखी काही दिवस काढावे लागतील, तेव्हा त्याच्या राहण्याची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच समाजसेवा विभागाशी बोलून ठेव, आणि हा उशीर कशासाठी, ते त्याला व नातेवाइकांना स्वतः समजावून सांग.

तुझा शुभचिंतक