कोलंबसला येताय, तर गावातच राहा

तुम्ही लिहिलंय, कमिन्स कंपनी पुण्याहून तीन वर्षांसाठी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबसला पाठवते आहे. पन्नास हजार वस्तीच्या गावात बायकोचा आणि चौथीतल्या मुलीचा जीव रमेल का, की इंडियानापोलिसलगतच्या ग्रीनवुडमध्ये घर घेऊन रोज ये-जा करावी, असा तुमचा प्रश्न आहे. मीही इथे नवऱ्याच्या बदलीमुळेच आले आणि इथलीच झाले, म्हणून स्पष्ट सांगते: गावातच राहा. ग्रीनवुडहून पाऊण तासाचा रस्ता आहे, हिवाळ्यात बर्फ पडलं की त्याचा भरवसा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लांबून ये-जा करणाऱ्याला या गावातलं फक्त ऑफिस दिसतं.

सामान पाठवताना पत्त्यात राज्याचं नाव ठळक लिहा. ओहायोची राजधानीही कोलंबसच आहे. विमानाचं तिकीट इंडियानापोलिसचं काढायचं. तिथून आपलं गाव दक्षिणेला साधारण ७५ किलोमीटर.

कोलंबस हे बार्थोलोम्यू काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, मुख्य ठिकाण आहे. इंडियानात अशा ९२ काउंट्या आहेत. आकाराने आणि रोजच्या कामकाजाने आपल्या तालुक्याच्या गावाची आठवण होईल, पण कारभाराची तऱ्हा फार वेगळी. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), कोषाधिकारी, घरांच्या खरेदीखतांची नोंद ठेवणारा रेकॉर्डर, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर, सरकारी वकील, हे सगळे इथे निवडून येतात. वरून बदली होऊन आलेला कलेक्टर नसतो. त्यामुळे माणसं कारभाराला ‘आपला’ म्हणतात आणि बजेटवर भांडायला सभेला जातात. आपल्याला मत नसलं तरी त्या सभांना बसता येतं. एकदा जाऊन बसाच, गाव कसं चालतं ते तिथे कळतं.

कोर्टाची इमारत गावाच्या मधोमध आहे. लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची, १८७४ ची. तिच्या आवारात चुनखडीच्या दगडाचे चाळीस फूट उंच पंचवीस खांब दाटीने उभे आहेत. विसाव्या शतकातल्या युद्धांत काउंटीतली जी मुलं गेली, त्यांचं ते स्मारक. खांबांवर त्यांची नावं आणि त्यांनी घरी लिहिलेली पत्रं कोरली आहेत. मुलीला तिथे सवडीने न्या. कुणी आईला लिहिलेल्या चार साध्या ओळी उभ्याने वाचताना गळा दाटतो.

गाव वसलं १८२१ साली. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा म्हणून वाहतात. त्या काठावरची जमीन जनरल जॉन टिप्टन याची, म्हणून आधी नाव पडलं टिप्टोना. ते लवकरच बदलून कोलंबस केलं. १८४४ मध्ये मॅडिसनहून रेल्वे आली आणि बाजारपेठ वाढली. इथवरची गोष्ट अमेरिकेच्या मधल्या भागातल्या कुठल्याही शेतीच्या गावाची असू शकते.

वेगळेपण सुरू होतं १९१९ पासून. डब्ल्यू. जी. अर्विन नावाच्या इथल्या बँकवाल्याच्या घरी क्लेसी कमिन्स ड्रायव्हर आणि मेकॅनिक होता. डिझेल इंजिनाच्या त्याच्या वेडावर अर्विनने पैसे लावले आणि कमिन्स कंपनी निघाली. १९३१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्यांची डिझेल गाडी एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावली, तरी कंपनीला पहिला नफा दिसायला १९३७ उजाडलं. अठरा वर्षं धीर धरणारा सावकार मिळाला म्हणून हे गाव आज असं आहे. पुण्याशी आपलं नातं पुढचं: १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स झाली, आणि तेव्हापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा सुरू आहे. ‘पुण्यात कुठे?’ हा प्रश्न तुम्हाला इथे दुकानाच्या रांगेतही ऐकू येईल.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहितेय ती गोष्ट. अर्विनचा नातू लागणारा जे. अर्विन मिलर १९३४ मध्ये कंपनीत आला आणि त्यानेच ती मोठी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं वाढली, नव्या शाळा बांधायच्या होत्या. मिलरने शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही देऊ त्या यादीतून देशातला उत्तम वास्तुरचनाकार तुम्ही निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल, बाकी कशात आम्ही लक्ष घालणार नाही. हॅरी वीझने केलेली पहिली शाळा १९५७ मध्ये उभी राहिली. मग हीच सवलत इतर सार्वजनिक इमारतींनाही मिळाली. अग्निशमन केंद्र क्रमांक चार रॉबर्ट वेंचुरीचं आहे. ग्रंथालय आय. एम. पेई यांचं, १९६९ चं. त्याच्या अंगणात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची प्रचंड कमान. समोर रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च, आणि त्याचा मुलगा ईरो याने गावात बँक, मिलरचं घर आणि आकाशात सुळका गेलेलं आणखी एक चर्च बांधलं. जगभरचे विद्यार्थी हे बघायला येतात. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ही, की यातलं बरंचसं रोजच्या वापराचं आहे. तुमची मुलगी ज्या शाळेत जाईल, ज्या ग्रंथालयात शनिवारी जमिनीवर बसून पुस्तकं चाळेल, ते कुणीतरी जीव ओतून रेखलेलं आहे. चांगले इंजिनिअर छोट्या गावात टिकावेत, हा हिशेबही त्यात होता. तो हिशेब मला वावगा वाटत नाही. त्याचा लाभ मजुराच्या मुलालाही तितकाच झाला. मिलर हा नुसता कारखानदार नव्हता. अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचा तो पहिला धर्मगुरू नसलेला अध्यक्ष, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चामागे उभा राहिलेल्यांपैकी एक.

तोटेही ऐका. गाव बरंचसं एका कंपनीच्या श्वासावर चालतं. ट्रकचा धंदा चढउताराचा, त्यामुळे मंदीची चाहूल लागली की शेजारपाजारच्या सगळ्याच घरांत काळजी एकदम शिरते, आणि व्हिसावर असलेल्यांना ती दुप्पट. ज्या अर्विन घराण्याच्या बँकेपासून सगळं सुरू झालं, ती बँकही २००९ मध्ये बुडाली. सारिनेनने बांधलेली काचेची इमारत तेवढी उभी आहे. गाडीशिवाय घराबाहेर पाय ठेवता येत नाही. शहर बस आहे, पण तिच्यावर संसार चालणार नाही. म्हणून पत्नींना येताक्षणी गाडी शिकायला लावा, आपल्याकडे चालवत असल्या तरी इथला परवाना वेगळा काढावा लागतो. अवलंबितांच्या व्हिसावर नोकरी करायला वेगळी परवानगी लागते आणि ती प्रत्येकाला मिळत नाही, हे निघण्याआधी दोघांनी बसून नीट बोला. इथे नव्या आलेल्या बायकांना सगळ्यात जड जातात ते पहिल्या हिवाळ्यातले रिकामे दिवस. ग्रंथालय, स्थानिक कॉलेजातले वर्ग, शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणं यांनी फार फरक पडतो. इथली माणसं स्वतःहून हाक मारतात, तेव्हा आपण दार उघडायचं.

घर बघताना पुराचा नकाशा जरूर विचारा. ७ जून २००८ ला हॉ क्रीक या एरवी ओढ्यासारख्या वाटणाऱ्या पाण्याने गाव बुडवलं. रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं, रुग्ण हलवावे लागले, आणि ते पुन्हा पूर्ण सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. भाडं कमी म्हणून ओढ्याकाठचं तळमजल्याचं घर घेऊ नका.

मोठं देऊळ इंडियानापोलिसला आहे. रोजचा किराणा गावात मिळतो, खास काही हवं असेल तर महिन्याकाठी तिकडे फेरी होतेच.

शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरतात, जूनमध्ये नव्हे, सप्टेंबरमध्येही नव्हे. शक्य असेल तर जुलैच्या मध्याला या. मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाची डॉक्टरांच्या सहीची इंग्रजी नोंद आणि पुण्यातल्या शाळेचे गुणपत्रक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. कुठल्या शाळेत घालायचं ते घराच्या पत्त्यावर ठरतं, म्हणून आधी शाळा बघा आणि मग भाड्याचा करार करा. तुमचं ऑफिस नेमकं कुठल्या प्लांटला आहे ते कळवलंत, तर कुठला भाग सोयीचा पडेल तेही सांगते.