पॅडल गाड्यांच्या संग्रहाची सुरुवात ब्रिटिश मोटार कंपनी ऑस्टिनच्या 'पाथफाइंडर'ने करावी की जे40 ने?

आधी जे40 घ्या. मुलांसाठीच्या या दोन्ही पॅडल गाड्या साउथ वेल्समधल्या बार्गोडच्या एकाच कारखान्यातल्या. पण रेसिंग कारच्या घाटाची पाथफाइंडर 1949-50 च्या सुमारास थोडाच काळ निघाली, तर जे40 थेट 1971 पर्यंत निघत राहिली आणि 32,000 हून जास्त बनल्या. त्यामुळे गाडीही सापडते, सुटे भागही. खाणीतल्या धुळीने फुफ्फुसं निकामी झालेल्या कामगारांना रोजगार मिळावा म्हणून हा कारखाना उभा राहिला. पत्रा वापरायचे तो मोठ्या ऑस्टिन गाड्यांच्या कटिंगमधून उरलेला, आणि माझ्या मते जे40 ची खरी किंमत या इतिहासातच आहे. बॉनेट उघडा: आत खोटं इंजिन, त्यावर स्पार्क प्लगसुद्धा. दिवे आणि हॉर्न मात्र बॅटरीवर खरोखर चालतात. शर्यतीची हौस असेल तर तीही भागते, कारण इंग्लंडात गुडवूड रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या महोत्सवात 2012 पासून सेट्रिंग्टन कपसाठी मुलं याच गाड्या पळवतात.

फक्त एक जपा. नवे बनवलेले भाग सहज मिळत असल्याने 'ओरिजिनल' म्हणून विकली जाणारी गाडी अर्धीअधिक नवी असू शकते. पैसे देण्याआधी एवढं बघाच:
- बॉडीवर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.
- गाडी उलटी करून तळाचा गंज आणि नवं वेल्डिंग तपासा.
- रंगकामाआधीचे फोटो मागा.