वाचकांचे प्रश्न : चषक जिंकला, तरी श्रेणी गेली

प्रश्न : इंग्लंडमधील २०१२-१३च्या एफए चषक या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेचा विजेता विगन अथलेटिक हा संघ त्याच हंगामात प्रीमियर लीग या सर्वोच्च साखळीतून खालच्या श्रेणीत गेला, असे वाचले. मग या विजेतेपदाला केवळ नशीब म्हणायचे का? शिवाय, पूर्वीचे फेरसामने आता का दिसत नाहीत?

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. ११ मे २०१३ रोजी विगनने चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीच्या मैदानावर मँचेस्टर सिटीला १-० असे हरवले आणि तीनच दिवसांनी लीगमध्ये आर्सेनलकडून ४-१ असा पराभव होऊन त्यांची पदावनती निश्चित झाली. एकाच हंगामात हे दोन्ही वाट्याला आलेला तो पहिलाच संघ. लीगमध्ये ३८ सामन्यांचा हिशेब होतो आणि त्यात विगनचे ३६ गुणच झाले, तर चषकात त्या दिवशी समोर असलेल्या संघाला हरवले की पुढची फेरी मिळते. मोजमापच वेगळे असल्यामुळे एका निकालाने दुसरा खोटा ठरत नाही.

नशिबाचा वाटा मी नाकारत नाही. प्रत्येक फेरीची सोडत मानांकनाशिवाय निघते, त्यामुळे चौथ्या फेरीत त्यांना इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींबाहेरचा मॅकल्सफील्ड मिळाला. पण उपान्त्यपूर्व फेरीत एव्हर्टनच्याच मैदानावर अवघ्या चार मिनिटांत तीन गोल करणे, हे सोडतीने दिलेले दान नव्हे. अंतिम सामन्यात तर समोर आदल्या वर्षीचे लीग विजेते होते. ८४व्या मिनिटाला सिटीच्या झाबालेटाला लाल कार्ड मिळून त्यांचे दहाच खेळाडू उरले, हे खरे; तथापि विगनने त्याआधीही बरोबरीने खेळ केला होता. भरपाई वेळेत विगनच्या मलोनीने कॉर्नर घेतला, जवळच्या खांबाकडे झेपावलेल्या बेन वॉटसनने डोक्याने चेंडूला दिशा दिली आणि तो गोलरक्षकावरून जाळ्यात गेला. त्याच हंगामात पाय मोडल्यामुळे वॉटसन कित्येक महिने मैदानाबाहेर होता आणि या सामन्यातही दहा मिनिटांपूर्वीच बदली खेळाडू म्हणून उतरला होता. हा गोल आठवला की मला आजही भरून येते.

फेरसामन्यांविषयी : बरोबरी झाल्यास दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळण्याची पद्धत मुख्य स्पर्धेतून २०२४-२५च्या हंगामापासून बंद झाली असून आता निकाल त्याच दिवशी, गरज पडल्यास जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउटने लागतो. सामन्यांची गर्दी हे त्यामागचे मुख्य कारण. मला मात्र हा बदल रुचलेला नाही, कारण मोठ्या संघाशी बरोबरी साधणाऱ्या छोट्या क्लबला फेरसामन्याच्या तिकिटांतून मोलाचे उत्पन्न मिळत असे. विगनलाही तिसऱ्या फेरीत, दोन श्रेणी खालच्या बोर्नमथने घरच्या मैदानावर १-१ असे रोखले होते आणि पुढचा सारा प्रवास बोर्नमथला जाऊन १-० असा जिंकलेल्या फेरसामन्यामुळेच शक्य झाला.