आधी वहीत लिही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंयस, जुन्या प्रयोगशाळेत गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा ॲसिटाइलकोलीनला, म्हणजे स्नायू आकसवणाऱ्या रसायनाला, छान आकसायचा, इथे निम्माही आकसत नाही. शहर नवं, ओळखीचं कुणी नाही, आणि आता वाटतंय की औषधशास्त्र आपल्याला झेपायचं नाही. झेपण्याचं नंतर पाहू. सोबत पाठवलेल्या वहीच्या पानावर ‘क्रेब्ज द्रावण, नेहमीप्रमाणे’ एवढंच आहे, आणि मला राग आला तो त्याचा.

क्रेब्ज म्हणजे तुकडा जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण; ते नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? कॅल्शियम क्लोराइड किती घेतलंस, आणि कोणतं? एक लिटर द्रावणात त्याची तीव्रता २.५ मिलिमोलर हवी तर निर्जल क्षार ०.२८ ग्रॅम लागतो, डायहायड्रेट, म्हणजे पाणी धरून असलेला, ०.३७ ग्रॅम. जुना आकडा डोक्यात धरून डायहायड्रेटच्या बाटलीतून ०.२८ घेतलं, की द्रावणात जेमतेम १.९ मिलिमोलर जातं. स्नायूचं आकसणं कॅल्शियमवर चालतं, ते कमी पडलं तर आलेख बसणारच. तुझं असंच झालंय असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही, कारण वहीत काही नाही!

म्हणून लिही. काट्यावर आकडा स्थिरावला की तिथेच, लेबल वाचून, लॉट क्रमांकासकट. संध्याकाळी आठवून नव्हे. सुट्या कागदावरचा आकडा मी आजही कुणाकडून घेत नाही. मला हटवादी म्हणतात, म्हणोत बापडे. आठवणीवर विसंबून घालवलेले महिने परत मिळत नाहीत, हे मला पुरतं ठाऊक आहे.

कॅल्शियम सगळ्यात शेवटी घाल, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण द्रावणातून नीट खेळवल्यावर. आधी घातलंस तर गाळ धरतो. गढूळ झालेलं द्रावण ओतून दे, गाळून वापरू नकोस. कॅल्शियम त्या गाळातच गेलेलं असतं.

मात्रेचंही तेच. तुकडा टांगायच्या १० मिलिलिटरच्या भांड्यात, म्हणजे बाथमध्ये, १ मिलिमोलर द्रावणाचे १० मायक्रोलिटर, म्हणजे हजारपट पातळ होऊन १ मायक्रोमोलर. हा गुणाकार वहीत दिसू दे. औषध पाण्याऐवजी डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर त्याच १० मायक्रोलिटरबरोबर बाथमध्ये ०.१ टक्का डीएमएसओ गेलं. मग नुसत्या डीएमएसओची चाचणी वेगळी घे, आणि तीही लिही. ॲसिटाइलकोलीनचं पातळ द्रावण रोज ताजं कर, बर्फावर ठेव, केल्याची वेळ लिही.

एकटेपणाबद्दल माझ्याकडे एकच व्यवहारी गोष्ट आहे. तुकडा टांगल्यावर तासभर तो स्थिरावू द्यायचा असतो आणि दर १५ मिनिटांनी द्रावण बदलायचं असतं. त्या तासात उपाशी बसून राहू नकोस. शेजारच्या बाकावरच्याला दोन वेळा द्रावण बदलायला सांग, जेवून ये, त्याच्या वेळी तू सांभाळ. अशी देवाणघेवाण महिनाभर चालली की ओळख आपसूक होते. खोलीवर जायचा कंटाळा येतो म्हणून रात्री नवा तुकडा मात्र टांगू नकोस. थकलेला हात पिपेट चुकवतो, आणि लिहायचंही राहतं.

उद्या त्या कॅल्शियमच्या बाटलीवर काय छापलंय ते बघ. वहीत उतरव, मग मला कळव.