समोरच्याच्या गडात उमेदवार कधी उतरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जागा सलग चार टर्म विरोधकांकडे, निवडणुकीला वीस महिने बाकी, आपल्या पक्षात तीन इच्छुक, तर नाव आत्ताच जाहीर करावं का शेवटच्या दिवशी पत्ता उघडावा, आणि पडायचंच असेल तर तगडा उमेदवार वाया का घालवावा. मी चार-पाच निवडणुकांत पडद्यामागची कामं केलीयेत, बूथच्या याद्या, गाड्या, एजंटांचे डबे असली, स्टेजवरची नाही, त्यामुळे त्या अंगाने सांगतो.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नाव जाहीर होणं वेगळं आणि माणूस माहीत होणं वेगळं. पहिलं उशिरा झालं तर निभावून नेता येतं, दुसरं उशिरा झालं की मग तुम्ही कितीही सभा घ्या.

अमेठीच बघा ना, एकाच मतदारसंघात याचे तीन नमुने बघायला मिळतात. 2014 ला भाजपने स्मृती इराणींना मतदानाच्या काही आठवडे आधी तिथे उतरवलं, त्या राहुल गांधींकडून लाखभराच्या वर मतांनी हरल्या. आता बाहेरून आणलेला उमेदवार हरला की साधारण पुढची पाच वर्षं तोंड दाखवत नाही, पण त्या जात राहिल्या, मंत्रिपद होतं त्याचाही उपयोग झाला, आणि 2019 ला 55 हजारांनी जिंकल्या. म्हणजे खरं तर 2014 ची निवडणूक ही त्यांची ओळख परेड होती, लढत 2019 ला झाली. आणि मग 2024. काँग्रेसने किशोरीलाल शर्मांचं नाव अर्ज भरायच्या अगदी शेवटच्या दिवशी काढलं, सगळ्यांनी खिल्ली उडवली की बघा पळाले, कुणा मॅनेजरला उभं केलं. ते 1 लाख 67 हजारांनी निवडून आले. कारण नाव दिल्लीत नवीन होतं, अमेठीत नव्हतं, तो माणूस 1980 च्या दशकापासून तिथली कामं बघत होता, कुणाचं पत्र कुठे अडकलंय हे त्याला माहीत. हे उदाहरण लोक "उशिरा जाहीर केलं तरी चालतं" म्हणून देतात, मला ते बरोबर उलटं वाटतं.

रायबरेलीचंही तसंच. राज नारायण 1971 ला इंदिरा गांधींकडून 1 लाख 11 हजारांनी हरले. तिथेच चिकटून राहिले, कोर्टात गेले, इंदिराजींची निवड रद्द करणारा 1975 चा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल त्यांच्याच याचिकेवर आला आणि 1977 ला 55 हजारांनी जिंकले. आता 77 ची आणीबाणीनंतरची लाट होती हे मान्य, पण लाट आली तेव्हा हा गडी होडी घेऊन काठावर उभा होता, होडी शोधत फिरत नव्हता.

शेवटच्या क्षणाची खेळी कधीच चालत नाही असं म्हणायचं नाही मला. 1984 ला ग्वाल्हेरमध्ये वाजपेयींच्या समोर काँग्रेसने ऐनवेळी माधवराव सिंदियांचा अर्ज भरला, वाजपेयींना दुसरीकडे सरकायला वेळच उरला नाही, पावणेदोन लाखांनी हरले. त्याच वेळी अलाहाबादला हेमवतीनंदन बहुगुणांसारख्या जुन्या नेत्यासमोर अमिताभ बच्चन, तेही जिंकले. पण ग्वाल्हेरमध्ये तिथल्याच राजघराण्यातल्या सिंदियांची ओळख करून द्यायची गरज होती का? आणि अमिताभची तर कुठेच नव्हती. वर इंदिराजींच्या हत्येनंतरची सहानुभूती. तुमच्याकडे असा चेहरा असेल तर खुशाल शेवटपर्यंत झाकून ठेवा. नसेल तर सरप्राइज विरोधकाला नाही, स्वतःच्याच कार्यकर्त्यांना बसतं.

ते कसं बसतं ते मी बघितलंय. एका निवडणुकीत आमचा उमेदवार अर्ज भरायच्या आदल्या रात्री साडेअकराला ठरला. सकाळी बूथ एजंटांची यादी मागितली तर एक लांबडी वही आली, तीनशेच्या आसपास बूथ, आणि एजंटच्या रकान्यात शंभरएक ठिकाणी नुसती पेन्सिलची रेघ. जी नावं होती ती मागच्या वेळची. मी फोन लावायला बसलो, तिसऱ्याच फोनवर एका बाईंनी सांगितलं की ते वारले, दिवाळीच्या आधीच. पुढचे दोघं समोरच्या पक्षात गेलेले, एकाने तर हसून "आता काय उपयोग भाऊ" म्हणून चहाला बोलावलं. उमेदवार चांगला होता हो, शिकलेला, बोलायला मस्त, पण त्या रेघा सतरा दिवसांत कुठून भरायच्या. भरल्या नाहीत.

लवकर जाहीर करण्याचा प्रयोग म्हणाल तर भाजपने 2023 ला केला, 17 ऑगस्टला मध्य प्रदेशात 39 आणि छत्तीसगडमध्ये 21 नावं एकदम, निवडणूक आयोगाचं वेळापत्रक यायच्या जवळजवळ दोन महिने आधी, आणि बहुतेक जागा आधी हरलेल्या. दोन्ही राज्यं जिंकली. पण याचं सगळं श्रेय त्या यादीला देऊ नका, मध्य प्रदेशात महिलांना दरमहा पैसे देणारी लाडली बहना योजना होती, बाकी बरंच होतं. आणि छत्तीसगडमधल्या पाटणला तेव्हाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री भूपेश बघेलांसमोर भाजपचे विजय बघेल लवकर जाहीर होऊनही 19 हजारांवर मतांनी पडलेच. मला त्यातला खरा फायदा वेगळा वाटतो, ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांचा रुसवाफुगवा काढायला तीन महिने मिळाले. बंडखोरी ही दुधासारखी असते, लवकर उतू गेली तर पुसता येते, अर्ज मागे घ्यायच्या दिवशी उतू गेली की गॅसच विझतो.

लवकरचे तोटेही आहेत. समोरच्याला कुणावर नेम धरायचा ते कळतं, जुनी प्रकरणं निघतात, उमेदवाराचा खिसा आधीच रिकामा होतो कारण जाहीर झाल्या दिवसापासून प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, प्रत्येक मंडळ त्याच्याकडेच येतं. आणि मधेच आघाडी झाली, जागा मित्रपक्षाला सुटली तर ज्याला वीस महिने राबवलं तोच अपक्ष उभा राहतो. म्हणून वीस महिने आधी पद द्या, काम द्या, ऑफिस द्या, तिकीट म्हणू नका. तिकिटाचं तीन-चार महिने आधी बघा.

आता "पडणारच असेल तर" वाला भाग. अमेरिकेत पेनसिल्वेनियाचा 18 वा मतदारसंघ होता, 2014 आणि 2016 ला डेमोक्रॅटिक पक्षाने तिथे उमेदवारच दिला नव्हता, रिपब्लिकन टिम मर्फी बिनविरोध. मग मर्फींना राजीनामा द्यावा लागला आणि मार्च 2018 च्या पोटनिवडणुकीत कॉनर लॅम्ब हजारापेक्षाही कमी मतांनी जिंकले. हातातून सुटलेल्या म्हणून सोडून दिलेल्या जागा अशा अचानक उघडतात, कुणी राजीनामा देतं, कुणी अडकतं, कुणी वारतं. डेमोक्रॅटिक पक्षात 2005 नंतर यावरून मोठी भांडणंही झाली, पक्षाध्यक्ष हॉवर्ड डीन म्हणायचे पन्नासही राज्यांत पगारी माणसं नेमा, संसदेच्या जागांचा प्रचार सांभाळणारे राम इमॅन्युएल म्हणायचे पैसा जिंकण्यासारख्या जागांवरच लावा. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, एकाला पुढची निवडणूक दिसत होती, दुसऱ्याला हातातली.

आणि कॅनडातलं तर भन्नाट. 2011 ला एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टीने क्युबेक प्रांतात जागा भरायच्या म्हणून नावं टाकली, त्यातल्या रूथ एलन ब्रोसो प्रचार चालू असताना लास वेगासला फिरायला गेलेल्या, मतदारसंघ फ्रेंच बोलणारा आणि यांची फ्रेंच कच्ची. लाट आली, पक्षाला 75 पैकी 59 जागा, त्यात या पण. सगळ्यांनी टिंगल केली. बाईंनी भाषा सुधारली, कामं केली आणि 2015 ला परत निवडून आल्या. पण असं नशीब गृहीत धरून डमी उभा करू नका, त्याच लाटेत तो निवडून आला आणि नालायक निघाला तर पाच वर्षं तुम्हालाच निस्तरायचंय. म्हणून पडीक जागेवरही असाच माणूस द्या जो चुकून निवडून आला तर लाज वाटणार नाही, आणि त्याला आधीच स्पष्ट सांगा की ही दोन निवडणुकांची बोली आहे, पहिली हरलास तरी तिकीट तुझंच. हे पक्ष सांगत नाहीत, म्हणूनच चांगली माणसं अवघड जागा घेत नाहीत.

तुमच्या तीन इच्छुकांबद्दल एवढंच करा, सगळे बूथ तिघांत वाटून द्या आणि सहा महिन्यांनी तिघांच्या वह्या मागवा. फोटो, बॅनर, किती लाइक आले ते काही बघू नका. एजंटच्या रकान्यातली कुठलीही दहा नावं घ्या आणि स्वतः फोन लावून बघा, पलीकडून कोण उचलतंय आणि काय म्हणतंय.