वहीत काय लिहिलंयस?

प्रिय मुली,

रविवारी तू गेलीस आणि मी बराच वेळ टॅरोचे पत्ते आवरलेच नाहीत. तू काढलेलं एट ऑफ पेंटॅकल्स, आठ नाण्यांचं कार्ड, तसंच टेबलावर पडून होतं. "शिकवायला सुरुवात करू का?" असं विचारून तू ते काढलंस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "कारागीर आहे, म्हणजे हो ना?" मी कप उचलून आत गेले. उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं. आता देते.

आत्ता नाही.

ते कार्ड पुन्हा काढून बघ. तो माणूस बाकावर बसून छिन्नी-हातोडीने एक नाणं घडवतोय. गाव त्याच्या मागे, लांब आहे. त्याची मान खाली आहे आणि समोर फक्त हातातलं नाणं. त्या चित्रात शिकवणारा कुठे दिसला तुला? तुला "हो" हवं होतं, म्हणून तू चित्र न बघता नाव वाचलंस. रागावू नकोस, मीही अनेक वर्षं हेच केलं आणि ते कसं निस्तरावं लागलं ते सांगायलाच हे पत्र लिहितेय.

प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली तिन्ही सर्टिफिकेटं तू दाखवलीस. दोन दिवसांचं, सहा आठवड्यांचं आणि ते मास्टर लेव्हलचं. हिंजवडीची नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार खर्च करून तू हे केलंस, त्यामागची ओढ मला कळते. पण चौथा कोर्स कुठला करू, या प्रश्नावर मी तुला उलट विचारलं होतं की आजवर रीडिंग, म्हणजे कुणासाठी पत्ते मांडून त्यांचा अर्थ सांगणं, किती केलीस. "साठ-सत्तर असतील." त्यातली लिहून किती ठेवलीस? तू मोबाइल पुढे केलास. मांडलेल्या पत्त्यांचे फोटो होते, छान उजेडातले. त्या फोटोंत पत्ते आहेत. तू काय बोललीस ते कुठे आहे?

ते कुठेच नाही. तुझ्या आठवणीत आहे असं तुला वाटतं. माझ्याही आठवणीत होतं.

2009 साली माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. नुकतेच निवृत्त झालेले, हाताशी फंडाचे पैसे, आणि भाच्याबरोबर केटरिंगच्या धंद्यात उतरायचा विचार. तीन पत्ते काढले: थ्री ऑफ पेंटॅकल्स, सिक्स ऑफ कप्स, सेव्हन ऑफ सोर्ड्स. धंदा दीड वर्षात बुडाला. पुढे मी प्रत्येक बॅचला हे उदाहरण देत असे. "बघा, सेव्हन ऑफ सोर्ड्स आलं होतं, तलवारी उचलून चवड्यांवर पळणारा माणूस. मी त्यांना सांगितलं होतं, हिशेब स्वतःच्या हातात ठेवा म्हणून. त्यांनी ऐकलं नाही." चार वर्षं मी हे सांगितलं आणि मनापासून सांगितलं.

मग एके दिवशी ते मुलीच्या लग्नाचं विचारायला पुन्हा आले. भांडायला नव्हते आले. बोलता बोलता मी म्हटलं, तेव्हा तुम्हाला बजावलं होतं. त्यांनी शबनममधून बँकेची जुनी डायरी काढली, पान उलटून माझ्यासमोर ठेवलं. निळ्या शाईतलं, जरा उजवीकडे कललेलं अक्षर. तारीख, वेळ, माझी फी, तीन पत्त्यांची नावं, सोर्ड्सचं स्पेलिंग चुकलेलं. आणि खाली: "भाचा हुशार आहे, युक्तीने मार्ग काढील. जुन्या नात्यातून लाभ. काळजी नको." ते एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही असं नव्हतं सांगितलं."

मी खोटं बोलत नव्हते गं. हेच तर भयंकर आहे. निकाल कळल्यावर माझ्या डोक्याने माझंच वाक्य बदललं आणि मला पत्ताही लागू दिला नाही. आपण पुण्यात राहतो. इथे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुने कागद गोळा केले, 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि बखर वेगळी, अस्सल कागद वेगळा हे भान या शहराने महाराष्ट्राला दिलं. बखर घटना घडून गेल्यावर लिहितात, सगळं कसं ठरल्यासारखंच घडलं असं सांगतात. माझ्याकडे स्वतःच्या कामाची फक्त बखर होती. कागद त्या गृहस्थांकडे होता.

त्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी फुलस्केप वह्या आणल्या. तेव्हापासून आजपर्यंत एकही रीडिंग लिहिल्याशिवाय सोडलेलं नाही. तुला मी दुसरं काही शिकवू शकत नसेन, पण हे शिकवेन. वही सुरू कर. समोरचा माणूस जिना उतरतो तोवर लिहायला बस. उजव्या पानावर तारीख, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, पत्ते कुठल्या क्रमाने आणि सुलटे की उलटे आले, आणि तू काय बोललीस ते जसंच्या तसं. "करिअरमध्ये बदल" अशी गोळाबेरीज नको. "जूननंतर नोकरी बदलेल असं मी म्हणाले" असं लिही, म्हणजे जून आल्यावर स्वतःला पकडता येईल. जे मनात आलं पण बोलली नाहीस, तेही लिही. डावं पान कोरं सोड. सहा महिन्यांनी त्या माणसाला विचार आणि काय झालं ते तिथे लिही. नाव कुठेच घालू नकोस, नुसता क्रमांक. वही कुलपात.

तू विचारशील, याला वेळ कुठून आणू. रोज एक कार्ड टाकून त्याखाली चार ओळी लिहायला वेळ आहे ना? तो आण. त्या तुझ्या चार ओळी मी वाचल्या. भाषा चांगली आहे तुझी, उगाच म्हणत नाही. पण "फाइव्ह ऑफ कप्स म्हणजे दुःख, पश्चात्ताप, गमावलेल्या संधी" हे तू लिहिलेलं नाहीस, तू ते उचललं आहेस. मीही उचलत होते. एकदा ठरवून ते कार्ड घेऊन बसले आणि अर्थ बाजूला ठेवून फक्त दिसतं ते लिहिलं. काळा झगा घातलेला, मान खाली घातलेला माणूस. तीन कप सांडलेले, दोन मागे उभे. नदी. आणि नदीवर पूल! ते कार्ड मी शेकडो वेळा मांडलं होतं आणि तो पूल मला दिसला नव्हता. मुठेकाठी वाढलेली बाई मी, रोज पूल ओलांडणारी. त्यानंतर वहीत मागे जाऊन ते कार्ड आलेली सगळी पानं काढली. जी माणसं सावरली होती, त्यांच्या डाव्या पानांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा होती: कुणीतरी घर बदललं, कुणी गाव, कुणी शाखा. ती उठून पलीकडे गेली होती. हा काही सिद्धान्त नाही, माझ्या वहीतली नऊ माणसं आहेत फक्त. पण ते मी लिहिलं तेव्हा ते माझं होतं. लेखन करायचं असेल तर असं कर. वहीतून लिही. वही नसेल तर लिहू नकोस, वाच.

आणि मराठीत लिही. टेंपरन्सला मी वर्षानुवर्षं "संयम" म्हणायचे, कारण डिक्शनरीत तसं आहे. कार्डात बघ: देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, आणि तो एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात काहीतरी ओततोय. एका बॅचमधल्या आजी म्हणाल्या, "अहो, ही तर दूध वरखाली करतेय." तापलेलं दूध निववताना आई दोन पेल्यांत उंचावरून ओतायची, थेंबही सांडायचा नाही. तो संयम नाही, ते प्यायच्या बेताचं करणं आहे. तेव्हापासून ते कार्ड आलं की मी विचारते, काय फार तापलंय? माणसं लगेच बोलू लागतात.

हे शिकवताना सापडलं, हे मी मान्य करते. शिकवण्याने वाढ होतेच, म्हणून तर तू घाई करते आहेस. पण शिकवण्याने चूकही वाढते, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. 1999 मध्ये मी दर शनिवारी डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन शिकले. तिथे सांगितलं गेलं की टॅरो इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान. मी ते सात वर्षं, बॅचमागून बॅच, तसंच शिकवलं. मग इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी वर्गात हात वर केला: "पुरावा काय?" मी घरी येऊन शोधत बसले. पत्ते पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले, खेळायचे. भविष्यासाठी त्यांचा वापर रुळला तो अठराव्या शतकात फ्रान्समध्ये, आणि इजिप्तची गोष्ट 1781 मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पुराव्याशिवाय छापली. पुढच्या वर्गात मी उभी राहून चूक सांगितली. पण आधीच्या सात वर्षांतली माणसं? त्यांतली काही आज स्वतः शिकवतात आणि इजिप्त सांगतात. ते माझ्याकडून गेलंय. ते मला आता परत आणता येत नाही.

म्हणून माझी अट आहे. शंभर रीडिंग, शंभर उजवी पानं, आणि त्यातली निदान साठ डावी पानं भरलेली. मग घरात चार जणांना बसव, पहिल्या दिवशी एकही अर्थ सांगू नकोस, एक कार्ड पंधरा मिनिटं बघायला लाव. आणि दुसऱ्या दिवशी तुझं एक चुकलेलं रीडिंग वाचून दाखव. चौथा कोर्स करायचाच असेल तर जिथे शिकवणारी व्यक्ती स्वतःचं चुकलेलं पान दाखवते, तिथे जा. तसं कुणी भेटलं नाही तर पैसे वाचव.

माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज मोठमोठ्या बॅच घेतात, मी मात्र सहा जणांवर गेले नाही आणि सर्टिफिकेट देणं तर 2014 मध्ये बंदच केलं. मागे पडले असं म्हणतात. म्हणोत. कागदावर "मास्टर" लिहून सही करताना माझा हात थांबायला लागला होता, कारण त्या मुलीने काय सांगितलं आणि काय घडलं, हे मला ठाऊकच नव्हतं. फी मी पूर्ण घेते आणि तूही घे, त्यात संकोच नको. पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईने आर्थर वेट या टॅरो अभ्यासकाच्या सांगण्यावरून तुझ्या हातातल्या डेकची, पत्त्यांच्या संचाची, चित्रं काढली, 1909 मध्ये. धाकट्या छप्पन्न पत्त्यांतल्या चाळीस आकड्यांच्या पत्त्यांवरसुद्धा तिने माणसं, घरं, पाणी, वाटा आणल्या. आधीच्या बहुतेक डेकमध्ये तिथे नुसते ठिपके मोजल्यासारखे पेले न् तलवारी असायच्या. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. 1951 मध्ये गेली ती जवळजवळ विपन्नावस्थेत. कामाचे पैसे घ्यावेत. न केलेल्या कामाचे घेऊ नयेत, एवढंच मी म्हणतेय.

अजून एक, मग थांबते. तुझे बाबा म्हणाले ना, "ही अंधश्रद्धा आहे, आणि तीसुद्धा आपल्या घरात?" त्यांच्याशी भांडू नकोस. याच गावात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पत्त्यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला त्या पुलावरून जाताना स्वतःला विचारावंच लागतं, की मी लोकांना काय विकते? पत्त्यांना पुढचं कळतं असं मी म्हणत नाही, माझ्या वहीवरून तसं म्हणता येत नाही. पत्ता समोर ठेवला की माणूस जे एरवी बोलत नाही ते बोलतो, एवढं मात्र पानापानावर आहे. आजारपण, कोर्टाचा निकाल, मूल होईल का, या प्रश्नांवर मी पत्ते पिसतच नाही, डॉक्टरकडे आणि वकिलाकडे पाठवते. बाबांना वही दाखव, नावं नसलेली. त्यांना प्रश्न विचारू दे. ते विचारतील ते तुझ्या तिन्ही कोर्समध्ये कुणी विचारलं नसेल.

तू गेल्यावर मी तुझंही पान लिहिलं. क्रमांक 1,312. "प्रश्न: शिकवायला सुरुवात करू का? कार्ड: एट ऑफ पेंटॅकल्स, सुलटं. मी काय सांगितलं: काहीच नाही, कप उचलून आत गेले. मनात काय होतं: हिला नाही म्हटलं तर पुन्हा येणार नाही." डावं पान कोरं आहे. मार्चमध्ये तुला फोन करीन. त्याआधी यायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी मी घरीच असते. येताना डेक नसला तरी चालेल, वही घेऊन ये.

तुझी,
ताई